स्थलांतराच्या दोन चुली

पुण्यात काही वर्षे काढलेल्या प्रत्येकाला इराण्याकडचा बन मस्का ठाऊक असतो, मात्र त्याच इराण्याच्या घरी रात्री ताटात काय वाढले जाते हे सांगू शकणारे पुणेकर फार थोडे भेटतात. उडप्याच्या सांबाराच्या चवीवर आपण तासभर वाद घालू शकतो, पण गल्ल्यावर बसलेल्या शेट्टींच्या घरी सणाला काय शिजते याची आपल्याला कल्पना नसते. सिंधी म्हटले की दाल पकवान आठवते आणि आठवण तिथेच थांबते. स्थलांतर आणि अन्न यांविषयी बोलताना आपण बहुधा हॉटेलांविषयीच बोलतो, आणि त्यामुळे अर्धीच गोष्ट सांगतो, असे मला बरीच वर्षे वाटत आले आहे.

गाव सोडून आलेला समाज नव्या शहरात दोन चुली मांडतो. एक गिऱ्हाइकासाठी पेटते. तिच्यावर काय शिजवायचे हे शहराची आवड, त्याच्या खिशातले पैसे आणि धंद्याची सोय यांवर ठरते. दुसरी घरात पेटते, आणि आपण कुठून आलो हे मुलांना तिच्यावरच्या अन्नातून कळत जाते. पहिल्या चुलीमुळे माणसे शहरात तग धरतात, दुसरीमुळे त्यांचे समाजपण शिल्लक राहते. या दोहोंच्या मधले दार कधी उघडते आणि कोणासाठी उघडते, यावर त्या समाजाचे आणि शहराचे नाते अवलंबून असते.

इराण्यांचेच पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या काही दशकांत यझ्द आणि केरमान या इराणच्या कोरड्या प्रदेशांतून माणसे निघाली, ती काही हौसेने निघाली नव्हती. १८७० ते १८७२ या काळात इराणमध्ये भीषण दुष्काळ पडला होता, आणि झरतुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माच्या, प्रजेवरचा जिझिया कर १८८२ पर्यंत उठलेला नव्हता. मुंबईत आधीच स्थिरावलेल्या पारशांच्या आधाराने ही माणसे आली, त्यांतली काही घाट चढून पुण्यात उतरली. इराणमधले मुसलमान व्यावसायिकही याच वाटेने आले. डेक्कनवरचे कॅफे गुडलक १९३५ मधले, ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ मधली. या मंडळींनी पुण्याला जे खाऊ घातले त्यात त्यांच्या गावचे जवळजवळ काहीच नव्हते. इराणमध्ये चहा बिनदुधाचा पितात, साखरेचा खडा दातांत धरून. इथे मात्र त्यांनी दाट दुधाचा चहा दिला. पाव इथला, लोणी इथले, खिमा इथल्या मसाल्यातला, आणि श्रूजबेरी बिस्किटाचे नाव तर इंग्लंडातल्या एका गावाचे. यझ्दच्या झरतुष्ट्री घरांत धार्मिक विधींसाठी तेलात तळतात तो सीरोग, गहंबार या झरतुष्ट्री सणाच्या प्रार्थनेनंतर वाटला जाणारा सुक्या मेव्याचा लोर्क, कडधान्ये, पालेभाजी आणि शेवया एकत्र शिजवून केलेला दाट आश यांपैकी काहीही त्या संगमरवरी टेबलांवर मला कधी दिसले नाही.

तरीही त्या पहिल्या चुलीचे मोल मी कमी लेखणार नाही. पुण्यात परक्या हातचा चहा ही एके काळी साधी गोष्ट नव्हती. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहापान झाल्याचे बाहेर आले आणि लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्याचे, म्हणजे जातिबहिष्काराचे, संकट कोसळले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि त्यातल्या अनेकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्यानंतर अर्धे शतक लोटायच्या आत याच शहरात एका परदेशातून आलेल्या माणसाच्या हॉटेलात, शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे याची चौकशी न करता लोक चहा पिऊ लागले. समाजसुधारकांच्या व्याख्यानांचे श्रेय मी हिरावून घेत नाही, पण गावातल्या जातींच्या उतरंडीत ज्याला स्वतःचे स्थानच नव्हते अशा माणसाने मांडलेल्या टेबलाने जे काम केले, ते इथल्या कोणाला इतक्या सहजपणे करता आले नसते.

उडुपी हॉटेलांची गोष्ट याहून थोडी निराळी आहे. तेव्हा मद्रास इलाख्यात असलेल्या दक्षिण कन्नड जिल्ह्यातून तुळू आणि कन्नड बोलणारी मुले कोवळ्या वयात बाहेर पडली, मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत कपबशा विसळत धंदा शिकली आणि पुढे मालक झाली. फर्ग्युसन रस्त्यावरची, जगन्नाथ शेट्टी यांनी नावारूपाला आणलेली वैशाली हे पुण्याचे मानचिन्ह बनले. इडली-डोसा तिकडचा असला, तरी वैशालीची ओळख बनलेली एसपीडीपी, म्हणजे सेव, पोटॅटो, दही आणि पुरी यांची ती बशी, उडुपीच्या कोणत्याही घरातून आलेली नाही. कॉलेजातल्या मुलांची भूक ओळखून ती इथेच घडली. दरम्यान शेट्टींच्या, म्हणजे बंट समाजाच्या, घरांत कोंबडीच्या रश्श्यात तांदळाची कडक रोटी कुस्करून खाण्याची कोरी रोटी आणि पावसाळ्यात अळूच्या पानांना तांदळाचे आंबटगोड वाटण लावून उकडलेले पत्रोडे होतच राहिले. पत्रोड्याची चव पाहिलेल्या मराठी माणसाला ती आपल्या अळूवडीची सख्खी बहीण आहे हे सांगावे लागत नाही. पण ती चव पाहायला कोणीतरी घरी बोलवावे लागते, हॉटेलात बसून ते साधत नाही.

मी पिंपरीत वाढले, त्यामुळे या दोन चुलींमधले दार उघडताना मी अगदी जवळून पाहिले आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची जी छावणी पिंपरीत वसली, तिला आजही लोक कॅम्पच म्हणतात. आमचे घर त्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर होते. वडील १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातून आले होते. त्या वर्षीच्या मिलोची, म्हणजे रेशनवर मिळालेल्या परदेशी लाल ज्वारीची, आणि दुष्काळी कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीची चव त्यांच्या पिढीच्या जिभेवरून कधी गेली नाही. १९५४ मध्ये सुरू झालेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना, मग टेल्को, आकुर्डीचे बजाज अशी कारखान्यांची रांग पिंपरी-चिंचवडमध्ये उभी राहिली होती आणि तिच्या आधाराने मराठवाड्यातली हजारो कुटुंबे तिथे वसली. म्हणजे आमच्या गल्लीत निर्वासित होते आणि दुष्काळग्रस्त होते. मूळचे म्हणावेत असे फार थोडे होते.

शेजारच्या सिंधी काकूंचे सासर सक्करचे. त्यांच्या सासूबाई सिंधू नदीतल्या पल्ल्याविषयी ज्या तळमळीने बोलत, तसे कोणी आपल्या माणसांविषयीही क्वचितच बोलेल. पल्लो हा समुद्रातून नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढत जाणारा मासा, बंगाली ज्याला इलिश म्हणतात तोच. त्याच्या पोटात वाटलेला मसाला भरून केलेला कोक पल्लो हे त्यांच्या घरातले मानाचे अन्न होते, आणि पिंपरीत सिंधू नव्हती. मग बाजारात मिळेल त्या गोड्या पाण्यातल्या माशाला तोच मसाला भरला जाई, आणि सासूबाई एक घास खाऊन ताट बाजूला सारत. पुढच्या पिढीला मात्र रोहूतला तो मसाला हीच खरी चव वाटू लागली, कारण तिने दुसरी कधी घेतलीच नव्हती. भिंतीवरच्या तसबिरीत सिंध्यांचे दैवत झुलेलाल ज्या माशावर विराजमान असतात, तो पल्लो. नदी गेली, ताटातला मासा गेला, तसबिरीतला राहिला. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, त्याच तसबिरीपुढे ताहिरीचा, म्हणजे गोड भाताचा, नैवेद्य ठेवला जाई.

आमच्या दोन घरांमधले दार उघडले ते आपल्याकडच्या एका साध्या रीतीमुळे: शेजारचे भांडे रिकामे परत करायचे नाही. काकूंकडून कोकी आली की आई त्याच डब्यात धपाटे घालून पाठवी. कांदा, मिरची, कोथिंबीर घालून मळलेल्या कणकेची जाड, खरपूस कोकी आणि ज्वारी-बेसनाचे धपाटे यांची जवळीक दोघींनाही पहिल्याच दिवशी कळली होती. प्रवासाला निघालेल्या माणसासाठी ती दोन्ही बांधून देतात, दोन्ही शिळी झाली तरी चांगली लागतात. खरे नाते जुळले ते आंबट चुक्यावरून. सिंध्यांच्या साईभाजीत पालक आणि हरभऱ्याच्या डाळीबरोबर चुका लागतो, आणि बीडकडच्या स्वयंपाकात चुका, तूरडाळ आणि शेंगदाणे यांची भाजी सणावाराइतकीच महत्त्वाची असते. पिंपरीच्या मंडईत चुक्याची कोवळी जुडी दिसली की जी आधी जाईल तिने दोन घ्यायच्या, असा त्यांचा अलिखित करार होता. श्रावणात काकूंकडे थदडी हा शिळे खाण्याचा सण असे. आदल्या दिवशी गोड लोले आणि कोकी करून ठेवायच्या आणि त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आमच्याकडेही शीतला सप्तमीला शिळेच खातात, तिथी तेवढी मागेपुढे होते. ज्या समाजाला आपण परका समजत होतो, तो एका देवीपुढे आपल्यासारखीच चूल थंड ठेवतो हे मला शाळेतल्या कोणत्याही धड्याने शिकवले नव्हते.

या सगळ्या काळात कॅम्पातल्या गाड्यांवर दाल पकवान खाणाऱ्यांची गर्दी होत होती आणि ते खाणारे अनेक मराठी लोक सिंध्यांविषयी बाजारातल्या भावतोलापलीकडे काहीही जाणत नव्हते. साईभाजी कोणत्याही गाडीवर नव्हती. ती दिसायला हिरवा, घोटलेला गोळा. तिच्यासाठी पैसे देऊन कोणी रांगेत उभे राहणार नाही. घरच्या चुलीवरचे अन्न बहुधा असेच असते. ते दिसायला साधे असते आणि त्याची ओळख करून द्यायला माणूस लागतो.

पुण्याच्याच आणखी एका समाजाने हे दुहेरी स्थलांतर सोसले आहे. रास्ता पेठेत सुक्कथ शेलोमो हे बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनास्थळ १९२१ पासून उभे आहे. कोकणात शतकानुशतके तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, ते हे मराठी बोलणारे यहुदी. कोकणाने त्यांना नारळ दिला आणि नारळाने त्यांचा एक मोठा धार्मिक प्रश्न सोडवला. यहुदी आहारनियमांनुसार मांस आणि दूध एकत्र चालत नाही. नारळाचे दूध मात्र कशातही चालते. मटणाच्या रश्श्याला दाटपणा, सणाच्या हलव्याला स्निग्धपणा त्याच दुधातून आला. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाची आठवण म्हणून जगभरचे यहुदी जो उपास करतात, त्याला या समाजाने बिरड्याचा रोजा म्हटले, कारण तो वालाच्या बिरड्याशी जोडला गेला. नवस फेडताना किंवा शुभकार्यात संदेष्टा एलियाहूच्या नावाने ते मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि भोवती फळे. असा विधी जगातल्या इतर यहुद्यांकडे नाही.

१९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाल्यावर यातली बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. ज्या भूमीला ते शेकडो वर्षे प्रार्थनेतून आपली म्हणत होते तिथे पोहोचल्यावर ते भारतीय ठरले, आणि कोकणातले पोहे हीच तिथे त्यांची खूण झाली. अश्दोद, दिमोना, लोद अशा गावांत आजही मलिद्याचे ताट मांडले जाते. एका वाळवंटाच्या काठी, हिब्रू बोलणाऱ्या नातवंडांसमोर, अलिबागकडचे पोहे एलियाहूच्या नावाने भिजतात, याचा विचार केला की परंपरा कोणत्या मातीतली हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटेनासा होतो. ती कोण करत राहिले, एवढेच पाहावेसे वाटते.

आपण मराठी माणसे या गोष्टीत नेहमीच यजमान होतो असेही नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्याबरोबर तंजावरला गेलेली मराठी कुटुंबे तिथेच राहिली. १८५५ मध्ये राज्य खालसा झाल्यावरही ती परतली नाहीत. संभाजी महाराजांच्या भेटीत आमसुलांऐवजी चिंच घालून सांबार जन्मले, ही तिकडची आवडती दंतकथा आहे; तिला पुरावा नाही, आणि ती खरी ठरण्याची गरजही मला वाटत नाही. तंजावरकडच्या तमिळ घरांत आज वांग्याचे रसवांगी आणि उडदाच्या पिठाची डांगर पचडी आपलीच म्हणून होते, ती करणाऱ्या सुगरणीला मराठी घराची आठवणही नसते, हे मला त्या दंतकथेपेक्षा मोठे वाटते. तिथे घरच्या चुलीचे दार इतके पूर्ण उघडले की दाराची खूणही उरली नाही.

पुण्याला स्वतःच्या खाद्यपरंपरेचा अभिमान आहे आणि तो असावा. पण अस्सल पुणेरी म्हणून आपण जे मिरवतो, त्यातले पुष्कळसे घाटाखालून वर आलेले आहे. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि त्यानंतर कोकणातल्या कुटुंबांची रीघ पुण्याकडे लागली. ज्वारी-बाजरीच्या या मुलखात उकडीचे मोदक आणि खोबऱ्याची वाटणे त्यांच्याबरोबर आली. आपल्या सर्वांत सोवळ्या ताटाची, म्हणजे उपासाच्या ताटाची, गोष्ट तर आणखी लांबची आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, रताळे, शेंगदाणा, राजगिरा आणि हिरवी मिरची ही सगळी अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आली. आषाढी एकादशीला वारीच्या वाटेवर जे ताट सर्वांत पवित्र मानले जाते, त्यातला बहुतेक जिन्नस चारपाचशे वर्षांपूर्वी या देशात नव्हता. ही माहिती कोणाच्या श्रद्धेला धक्का देण्यासाठी मी सांगत नाही. उलट परक्या कंदाला थेट देवाच्या दारी नेण्याइतका मोठेपणा आपल्या पूर्वजांनी दाखवला, याचा मला मनापासून आदर वाटतो.

आज पुण्यातून बाहेर जाणाऱ्यांची बाजू पाहिली की दोन चुलींचे हे चित्र उलटे दिसते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ मधले, उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ मधली. पण परदेशी गेलेला मराठी माणूस शिक्षण आणि नोकरीच्या वाटेने गेला, हॉटेल काढायला गेलेले थोडेच. त्यामुळे तिथे आपली गिऱ्हाइकांची चूल जवळजवळ नाहीच, जे आहे ते सगळे घरच्या चुलीवर. न्यू जर्सीत राहणारी माझी मोठी चुलत बहीण सांगते की, सुरुवातीच्या काळात पॅनकेकच्या तयार पिठाचे गुलाबजाम आणि सावर क्रीमचे श्रीखंड ही तिथल्या बायकांनी एकमेकींना फोनवर शिकवलेली विद्या होती. भारतातून ताजा कढीलिंब अमेरिकेत नेता येत नाही, कारण लिंबूवर्गीय झाडांना रोग देणारा कीटक त्यावरून पसरतो. म्हणून तिथल्या मराठी घरांत कढीलिंबाचे रोप हिवाळ्यात घरात आणि उन्हाळ्यात बाहेर असे लेकरासारखे जपले जाते, आणि फोडणीसाठी त्याची चार पाने देणे ही मैत्रीची खूण ठरते. भारतीय आंब्याला अमेरिकेचे दार २००७ मध्ये उघडले, तेही लासलगावच्या केंद्रात विकिरण केल्यानंतर. तोपर्यंत तिथल्या अक्षय्य तृतीयेला डब्यातला आमरस होता, आणि आंबा उपलब्ध झाल्यावरही काही घरांत तो डबाच फोडतात, कारण त्या घरातल्या मुलांची लहानपणाची चव तीच आहे.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट म्हणावीशी वाटते. दिवाळीच्या महिनाभर आधी पुण्यात फराळ परदेशी पाठवून देण्याच्या पाट्या लागतात, आणि तो फराळ बहुधा पाठवणाऱ्याच्या घरी झालेला नसतो; कोथरूडच्या कितीतरी घरांत चकलीचा सोऱ्या माळ्यावर गेला आहे. तिकडे बहीण मात्र भाजणी स्वतः भाजते, सोऱ्या फिरवते, आणि तिची मुलगी शेजारी उभी राहून चकली मोडू नये म्हणून तिचे टोक दाबते. सोय असताना परंपरा सोडता येते, सोय नसताना ती करावी लागते आणि करता करता जपली जाते. गावी राहिलेल्यांपेक्षा गाव सोडलेल्यांकडे जुनी रीत अधिक काळ टिकते, ती त्यांना गाव अधिक प्रिय असते म्हणून नव्हे. त्यांना ती विकत मिळत नाही म्हणून. याची दुसरी बाजूही आहे. सण टिकतो, रोजचे जेवण मात्र निसटते. बहिणीच्या मुलीला चकली येते, पण घट्ट पिठले आणि भाकरी तिच्या लेखी पाहुणे आले की करायचे पक्वान्न आहे.

सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांसाठी राहणारी मुले या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहेत. नांदेड, लातूर, यवतमाळ, जळगावहून आलेल्या या मुलांना मेसमधली गोडसर आमटी आणि मऊ पोळी जड जाते. मग गावाकडून एसटीने डबा येतो: शेंगदाण्याची कुटलेली चटणी, येसर म्हणजे आमटीचा भाजून दळलेला मसाला, कडक भाकरी, खानदेशातून कळण्याचे पीठ. एका खोलीत चार जिल्ह्यांची मुले असतात, चार डबे उघडतात, आणि विदर्भातल्या मुलाला येसर आमटी कशी घोटायची हे लातूरचा मुलगा शिकवतो. महाराष्ट्र एक आहे हे आपण १ मे रोजी म्हणतो. त्या खोल्यांमध्ये तो रोज रात्री एका ताटात येतो. परीक्षेत यश न मिळाल्याने परतावे लागलेल्या मुलांच्या घरीही परमुलखातली एखादी भाजी त्यांच्याबरोबर जात असेल, अशी माझी खात्री आहे.

मला काळजी वाटते ती नव्याने येणाऱ्यांची. ईशान्य भारतातून शिकायला आणि नोकरीला आलेली मुले विमाननगर, खडकी अशा भागांत राहतात. त्यांनी हॉटेलात मोमो विकले तर शहर ते आवडीने खाते, पण नागा मुलीने स्वतःच्या खोलीत आंबवलेल्या सोयाबीनचे अखुनी शिजवले की वासाची तक्रार होते आणि घरमालक खोली सोडायला सांगतो. एका ओळखीच्या मुलीवर ही वेळ आली तेव्हा मी मध्यस्थीला गेले होते. मालक कोकणातले होते. सुकट आणि बोंबील भाजताना त्यांच्या घरीही खिडक्या लावून घ्याव्या लागत असत आणि शेजाऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढत, हे त्यांनीच मला सांगितले, आणि तरीही खोली रिकामी करून घेतली. हे मला फार लागले. दुकानातल्या चुलीचे कौतुक करायचे आणि घरातली विझवायला सांगायची, याला स्वागत म्हणत नाहीत. माणसाला नोकरी देऊन आणि त्याच्याकडून भाडे घेऊन शहर त्याला सामावून घेत नाही; त्याच्या घरच्या फोडणीचा वास जिन्यात सहन केला जातो तेव्हा ते सामावून घेते. सोसायटीच्या नियमावलीत कोणी काय शिजवावे हे लिहिण्याचा अधिकार कोणाला नसावा, असे मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत बोलले आहे आणि पुन्हा बोलेन.

त्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर ओडिशातले एक कुटुंब राहते. आपल्या पंचांगानुसार कार्तिक वद्य अष्टमीला त्यांच्याकडे प्रथमाष्टमी असते; घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात आणि एंडुरी पिठा करतात. तांदूळ-उडदाचे आंबवलेले पीठ हळदीच्या पानावर पसरायचे, मध्ये गूळ-खोबऱ्याचे सारण घालायचे, पान दुमडून उकडायचे. कोकणातले पातोळे ज्याने खाल्ले आहेत त्याला ही कृती ऐकताच ओळख पटते. फरक एवढाच की आपले पीठ आंबवलेले नसते. अडचण पानांची होती. पुण्याच्या मंडईत हळदीची पाने श्रावण-भाद्रपदात, नागपंचमी आणि गौरीगणपतीच्या सुमारास येतात. कार्तिकात ती विचारली तर भाजीवाले नाही म्हणतात, कारण तेव्हा ती मागणारे आजवर कोणी नव्हते. तिसऱ्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या काकू दर वर्षी कुंडीत हळद लावतात. पातोळ्यांपुरती पाने काढून झाल्यावर बाकीची त्या पिवळी पडू देत. आता त्या एका कुंडीला हात लावत नाहीत, ती ओडिया बाईंसाठी राखतात, आणि यंदा आणखी दोन कुंड्या गच्चीवर लावायचे दोघींनी ठरवले आहे, कारण बाईंच्या ओळखीची वाकडमधली आणखी काही ओडिया घरे पाने मागू लागली आहेत.